चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद आणि कोंकणचा श्रोता

कोंकण रेल्वे १९९८ सालीं पुरी झाली. त्यापूर्वीं कित्येक पिढ्या कोंकणी माणसाचा मुंबईचा रस्ता समुद्रावरून जात असे. पावसाळा सरून समुद्र निवळला कीं मुंबई व पणजी यांच्या दरम्यान आगबोटी चालूं होत, आणि रत्नागिरी, जयतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत त्या किनाऱ्याकिनाऱ्यानें जात. पुष्कळ ठिकाणीं बोट खोल पाण्यांत उभी राही आणि उतारू पडावांतून तिच्यापर्यंत पोंचत. या बोटींच्या डेकवर दोन तऱ्हांचे चाकरमाने शेजारीं शेजारीं पथाऱ्या टाकून बसत. एक रत्नागिरी जिल्ह्यांतला शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या गांठोड्यांत पोहे, कुळीथ आणि फणसाचीं साठें. मनांत मुंबईच्या गिरणींत बदलीवर लागण्याची आशा. दुसरा गोव्याचा ख्रिस्ती तरुण. त्याच्या हातीं एक काळी पेटी, आणि त्या पेटींत व्हायोलिन किंवा ट्रंपेट. दोघेहि पोटासाठीं निघालेले. मुंबईच्या धक्क्यावर उतरून दोघे दोन दिशांना जात, आणि बहुधा पुन्हां एकमेकांस भेटत नसत. परंतु पुढें या दोघांची एक भेट झाली. ती चित्रपटाच्या गाण्यांत झाली. त्या पेटीवाल्यांपैकीं एकाचें नांव अँटोनियो झेवियर वाझ असें होतें. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखीत असे.

या भेटीची हकीकत समजण्यासाठीं आधीं त्या दोन वाटसरूंची मुंबई पाहिली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या कापडगिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांतले होते. त्या वेळच्या जिल्ह्यांत आजचा सिंधुदुर्गहि येत असे. तो १९८१ सालीं वेगळा झाला. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड या भागांतील चाळींत एकेका गांवाच्या लोकांनीं मिळून खोली घ्यावी, पाळीपाळीनें तींत झोपावें, खाणावळींत जेवावें, आणि शिमग्या-गणपतीला गांवीं जावें, असा त्यांचा जीवनक्रम होता. गोव्याच्या लोकांची व्यवस्था याच धर्तीची होती. धोबीतलाव, माझगांव या बाजूंना त्यांच्या ‘कुडी’ असत. कूड म्हणजे एका गांवच्या लोकांनीं चालविलेली उतरण्याची जागा. तेथें भिंतीवर गांवच्या संताची तसबीर, खालीं ओळीनें ट्रंका, आणि सायंकाळीं सर्वांनीं मिळून म्हटलेली प्रार्थना. जहाजावर जाणारे खलाशी, आचारी, आणि काम शोधणारे वादक यांना हा मोठा आसरा होता. गिरणगांवची खोली आणि गोंयकाराची कूड यांच्यामध्यें अंतर थोडें होतें, पण ओळख नव्हती.

गोव्यांतून वादकच इतक्या संख्येनें कां बाहेर पडले, याचें कारण तेथील शिक्षणांत आहे. पोर्तुगीज सत्ता १५१० सालीं गोव्यांत आली, आणि चर्चच्या उपासनेला गाणारीं व वाजविणारीं माणसें लागूं लागलीं. त्यामुळें चर्चला जोडलेल्या गायनशाळा निघाल्या. तेथें मुलाला आधीं स्वरलेखन वाचावयास शिकवीत. कागदावरच्या पांच रेघांवरील टिंबें पाहून स्वर अचूक उच्चारतां आला, म्हणजे मग हातीं व्हायोलिन मिळे. मराठी मुलुखांत गुरूच्या तोंडून ऐकून विद्या घेण्याची रीत. गोव्यांतल्या या शाळांत डोळ्यांनीं वाचून वाजविण्याची रीत. दोन्ही रीतींत आपापले गुण आहेत. परंतु पन्नास माणसांनीं एकाच वेळीं, एकमेकांना न विचारतां, वेगवेगळे स्वर वाजवून एक गोष्ट उभी करावयाची असेल, तर कागद वाचणारा वादक लागतो. तो वादक त्या काळीं गोव्यांत तयार होत असे; पण त्याला पुरेसें काम मात्र गोव्यांत नव्हतें. पोलिसांचे व पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकचित्रपटांसमोर वाजणारे वाद्यमेळ, आगबोटींवरील व हॉटेलांतील वाद्यवृंद, अशीं कामें शोधीत तो हिंदुस्थानभर गेला. कराची, लाहोर, कलकत्ता, रंगून येथपर्यंत त्याची वाट पोंचली होती.

अँटोनियो वाझ यांचा जन्म १९१६ सालीं बारदेशांतील हळदोणें या गांवीं झाला. ते वयांत आले तेव्हां मुंबईच्या संगीताला एक नवें वळण लागत होतें. अपोलो बंदरावरचें ताजमहाल हॉटेल १९०३ सालीं उघडलें होतें, आणि तेथील नृत्यगृहांत आतांपर्यंत युरोपीय धर्तीचें संगीत चाले. १९३५ सालीं लिऑन ॲबी या अमेरिकन निग्रो व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद तेथें आला, आणि अमेरिकेंत जन्मलेलें ‘जाझ’ संगीत मुंबईनें प्रत्यक्ष ऐकलें. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हे ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. वेदरफोर्ड पुढें हिंदुस्थानांतच राहिले आणि १९४५ सालीं कलकत्त्यास वारले. या मंडळींच्या मैफलींतून गोव्याच्या वादकांना एक नवी गोष्ट कळली. आतांपर्यंत ते कागदावर असेल तेवढेंच वाजवीत. जाझमध्यें कागदावरची चाल हें केवळ घर. वादकानें त्या घराबाहेर पडावें, मनास येईल तसें हिंडावें, आणि ठरल्या मात्रेवर परत दारांत उभें राहावें. आपल्या गवयाला हा खेळ परका नाहीं. रागाच्या चौकटींत उपज करून समेवर येणारा गायक दुसरें काय करीत असतो?

वाझ यांनीं हा खेळ आत्मसात केला तो मुख्यतः ध्वनिमुद्रिकांवरून. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचें दैवत होतें. त्यांची वाजविण्याची धाटणी, रंगमंचावरचा वावर, गळ्यांतला खरखरीत स्वर, हें सारें वाझ यांनीं इतक्या निष्ठेनें उचललें कीं लोक त्यांना ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणूं लागले. १९४० नंतरच्या दशकांत ताजमहाल हॉटेल व त्याच्या शेजारचें ग्रीन्स हॉटेल येथें त्यांचा वाद्यवृंद गाजत होता. ‘म्युझिक मेकर्स’ हें त्याचें नांव. ट्रंपेट हें वाद्य पाहावयास सोपें दिसतें. पितळेची एक वळवलेली नळी आणि तिच्यावर तीन दट्टे. पण दट्ट्यांचा भाग थोडा. खरें काम ओठांचें. ओठ किती आवळले, फुंकर किती दिली, यावर एकाच दट्ट्याच्या स्थितींत अनेक स्वर निघतात. तोंडावर झांकण धरलें तर तोच स्वर रुसलेल्या मुलासारखा येतो, आणि झांकण काढलें तर सभागृह भरून टाकतो. चिक यांच्या ट्रंपेटला ही दोन्ही रूपें होतीं, आणि तीं ऐकण्यासाठीं मुंबईचे शौकीन रात्रीमागून रात्र येत.

परंतु हे शौकीन कोण? ताजमहालच्या नृत्यगृहांत इंग्रज अंमलदार, परदेशी पाहुणे, पारशी व इतर धनिक, संस्थानिक यांचाच प्रवेश. लालबागच्या गिरणी कामगाराला त्या दाराशीं उभें राहण्याचेंहि कारण नव्हतें. चिक यांची कीर्ति मोठी होती, पण तिचें वर्तुळ लहान होतें. इतिहासांत कलावंताचें वर्तुळ पुष्कळदां त्याच्या इच्छेनें बदलत नाहीं; राजकारण आणि कायदे तें बदलतात. येथेंहि तसेंच झालें. १९४७ सालीं इंग्रजांचें राज्य गेलें, आणि नृत्यगृहांचा एक मोठा आश्रयदाता वर्ग त्यांच्याबरोबर गेला. फाळणीमुळें लाहोर-कराचीकडील वाद्यवृंद मोडले. लाहोरला वाद्यवृंद चालविणारे सेबॅस्टियन डिसूझा हे गोव्याचे गृहस्थ त्याच वेळीं मुंबईस आले, आणि पुढें शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांच्या वाद्यरचनेंत त्यांनीं आपलें आयुष्य घातलें. पाठोपाठ १९४९ चा मुंबईचा दारूबंदीचा कायदा आला. नृत्यगृहाचा खर्च गाण्यावर निघत नसतो, पेल्यावर निघतो. तो पेला गेल्यावर वादकांचे करार कमी होऊं लागले. याच सुमारास हिंदी चित्रपटांतील गाण्यांना अधिकाधिक मोठे वाद्यवृंद हवे होते. एक दार मिटत होतें तेव्हां दुसरें उघडें होतें. ताजच्या वादकाला दादर, परळ, अंधेरीच्या स्टुडिओंचा रस्ता असा लागला.

या दाराशीं चिक यांची गांठ एका मराठी संगीतकाराशीं पडली. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ सालीं नगर जिल्ह्यांतील पुणतांबें येथें झाला. विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखालीं त्यांचें कांहीं शिक्षण झालें. नट होण्यासाठीं ते चित्रपटसृष्टींत गेले, आणि तेथें संगीतकार झाले. मास्टर भगवान यांच्या १९४२ सालच्या ‘सुखी जीवन’ या चित्रपटानें हिंदींत त्यांचें नांव पुढें आलें, आणि १९४७ सालच्या ‘शहनाई’नें तें घरोघर पोंचलें. रामचंद्रांची रचना कशी होत असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे चिक यांच्या कामाचें मोल कळतें. संगीतकार पेटी घेऊन चाल बसवी. ती चाल त्याच्या गळ्यांत असे, कागदावर नसे. ती ऐकून स्वरलेखनांत उतरविणें, दोन कडव्यांच्या मधली जागा कोणत्या वाद्यांनीं भरावयाची तें ठरविणें, गायिकेच्या स्वराखालीं दुसरा स्वर कोणता चालवावयाचा तें योजणें, आणि मग प्रत्येक वादकाची वेगळी प्रत तयार करणें, हीं कामें साहाय्यक व वाद्यरचनाकार करीत. ध्वनिमुद्रण सर्वांचें एकत्र होई. गायक, वादक, सारे एका खोलींत. एकाचा स्वर चुकला तर सगळें गाणें पहिल्यापासून. अशा खोलींत कागद वाचणाऱ्या वादकाची किंमत सोन्यासारखी होती. चिक हे रामचंद्रांचे साहाय्यक झाले, आणि ताजमध्यें रात्रीं वाजणारी ट्रंपेट दिवसा हिंदी गाण्यांत वाजूं लागली.

त्या गाण्यांत केवळ अमेरिकेचें जाझ आलें असें नव्हे. क्यूबा, ब्राझील इत्यादि दक्षिणेकडील मुलुखांचे ठेकेहि त्या काळीं जगभर पसरले होते, आणि मुंबईचे नृत्यवृंद ते वाजवीत. या ठेक्यांची कुळकथा मोठी दुःखाची आहे. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनीं समुद्रापलीकडे आपले ताल नेले, वाद्यें नेलीं. आपल्या काष्ठतरंगाशीं नातें सांगणारें मरिंबा हें लांकडी पट्ट्यांचें वाद्य असेंच आफ्रिकेंतून मध्य अमेरिकेंत रुजलें, आणि ग्वाटेमाला देशानें तर १९७८ सालीं तें आपलें राष्ट्रीय वाद्य ठरविलें. ज्यांच्यापाशीं घर, जमीन, नांव कांहींच उरलें नव्हतें, त्यांच्यापाशीं ताल उरला होता, आणि तो ताल पुढें मालकांच्या मुलांनीं नाचून घेतला. पोटासाठीं समुद्र ओलांडणाऱ्या कोंकणी माणसाला हे ताल परके वाटले नाहींत, तर त्यांत नवल नाहीं. शिमग्याच्या ढोलाला ज्याचे पाय आपोआप हालतात त्याला सममात्रेच्या ऐन आधीं पडणारा ठोका शिकवावा लागत नाहीं. १९५० सालच्या ‘समाधि’ चित्रपटांतील ‘गोरे गोरे’ हें रामचंद्रांचें गाणें अशाच एका लॅटिन धाटणीच्या परदेशी गाण्यावरून घेतलेलें होतें, आणि तें गल्लोगल्लीं ऐकूं येऊं लागलें.

मग १९५१ सालीं ‘अलबेला’ आला. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही मास्टर भगवान. भगवान आबाजी पालव हे १९१३ सालीं जन्मले, गिरणी कामगाराच्या घरांत वाढले, आणि स्वतः मजुरी करून चित्रपटांत शिरले. ठेंगणा बांधा, रूप साधें, नाचणें बेताचें. हात अर्धवट उचलून, खांदे किंचित् हालवून, पाय जागच्याजागीं सरकवून ते नाचत. नायिका गीता बाली. कथा एका गरीब घरांतल्या, नाटकाच्या नादीं लागलेल्या तरुणाची. स्वस्तांतलें तिकीट काढून पुढच्या बांकांवर बसणाऱ्या गिरणी कामगाराला या पडद्यावर प्रथमच आपल्यासारखा दिसणारा नायक दिसला, आणि त्या नायकाच्या मागें ताजमहाल हॉटेलचा वाद्यवृंद वाजत होता. ‘शोला जो भडके’ या गाण्यांत बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांची जी गुंफण आहे, ती त्या काळच्या हिंदी गाण्यांत अपूर्व होती. याच चित्रपटांतल्या एका नृत्यप्रसंगीं चिक आणि त्यांचे सहकारी झालरी लावलेले क्यूबन धाटणीचे सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावर आलेले आहेत. ज्या दाराशीं लालबागच्या माणसाला उभें राहतां येत नव्हतें, तें दारच उचलून त्याच्यासमोर आणून ठेवल्यासारखें झालें. आगबोटीच्या डेकवरचे ते दोन वाटसरू अखेरीस येथें भेटले.

भेट झाली ती टिकली, कारण ती मुंबईंतच राहिली नाहीं. गणपतीला गांवीं जाणारा चाकरमानी कपड्यालत्त्याबरोबर गाणींहि नेत असे. ज्याची ऐपत असे तो ग्रामोफोन नेई. ज्याची नसे तो चाल गळ्यांत घेऊन जाई. लग्नाचा बँडबाजा तीं गाणीं उचली. हे बँडवाले कागद वाचीत नसत. कानांनीं ऐकलेली चाल क्लॅरिनेटवर बसवीत आणि ट्रंपेटच्या जागा आपल्या अंदाजानें भरीत. आणि वरातींत, विसर्जनाच्या मिरवणुकींत लोक भगवान यांच्यासारखे खांदे हालवून नाचूं लागले. तें नाचणें कोणालाहि जमण्यासारखें होतें, हाच त्याचा मोठा गुण. म्हाताऱ्यानें नाचावें, पोरानें नाचावें, पोटभर जेवलेल्यानें नाचावें आणि उपाशी असलेल्यानेंहि नाचावें. हळदोण्याच्या मुलानें आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिकेवरून उचललेली फुंकर अशा रीतीनें कोंकणांतल्या लग्नाच्या मांडवांत येऊन पोंचली; ती कोठून आली, हें मांडवांतल्या कोणाला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

या संगीताला विरोध झाला नाहीं असें नाहीं. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांत परदेशी चालींची उसनवारी फार होते आणि त्यामुळें लोकांची अभिरुचि बिघडते, असें त्यांचें मत होतें. त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून हीं गाणीं जवळजवळ बंद झालीं. केसकरांच्या पारड्यांतहि वजन होतें, हें मान्य केलें पाहिजे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणीचा वाद्यवृंद हीं दोन्ही कामें १९५२ सालचीं आहेत, आणि संस्थानें गेल्यावर निराधार झालेल्या अनेक गवयांना नभोवाणीनें आधार दिला. परंतु श्रोत्यानें आपल्यापुरता निवाडा केला. त्यानें कांटा फिरविला. त्याच वर्षीं सिलोन रेडिओवरून चित्रपटगीतांची प्रसिद्ध ‘गीतमाला’ सुरू झाली, आणि रेडिओ असलेल्या घराच्या ओटीवर बुधवारीं रात्रीं शेजारपाजार गोळा होऊं लागला. पांच वर्षांनीं, १९५७ सालीं, आकाशवाणीनें विविध भारती सुरू केली आणि गाणीं पुन्हां घरीं आलीं.

उसनवारीचा आक्षेप मात्र तेवढ्यानें निकालांत निघत नाहीं. तो तपासून पाहिला पाहिजे. रामचंद्रांनीं परदेशी चाली घेतल्या, हें खरें. चिक यांनीं आर्मस्ट्राँग यांची नक्कल केली, हेंहि खरें. पण ज्या रामचंद्रांनीं ‘अलबेला’ केला त्यांनींच दोन वर्षांनीं ‘अनारकली’ केला, आणि त्यांतील गाण्यांत रागदारीची जी नजाकत आहे ती ऐकून कोणी त्यांना परधार्जिणे म्हणणार नाहीं. दुसरें असें, कीं उसनें आणलेलें धान्य आपल्या जमिनींत पेरल्यावर जें पीक येतें तें आपलें असतें. मराठी संगीत नाटकानें कर्नाटकी, गुजराती, पारशी चाली घेतल्या आणि त्यांचें नाट्यपद केलें. पेटी, म्हणजे हार्मोनियम, युरोपांतून आली आणि कीर्तनांत बसली. नकलेचा दोष तेव्हां लागतो, जेव्हां नक्कल तेथेंच थांबते. चिक यांच्या ट्रंपेटनें हिंदी शब्दांना, मराठी संगीतकाराच्या चालीला आणि कोंकणी माणसाच्या पायांना जागा करून दिली. एवढें झाल्यावर तिला परकी म्हणणें कठीण आहे.

खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो दुसऱ्या ठिकाणीं घ्यावा लागेल, आणि तो नांवांचा आहे. त्या काळीं ध्वनिमुद्रिकेवर गायकाचें नांवसुद्धां नेहमीं नसे. १९४९ सालच्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर लता मंगेशकरांऐवजीं चित्रपटांतल्या पात्राचें, कामिनीचें, नांव छापलेलें होतें. गायिकेची ही अवस्था, तर मागें बसलेल्या ट्रंपेटवाल्याची गोष्टच नको. वादकांना त्या त्या दिवसाचा मोबदला मिळे आणि काम संपे. गाणें पुढें पन्नास वर्षें चाललें तरी त्यांत त्यांचा वांटा नसे. चिक यांना १९५१ सालच्या ‘नादान’ या चित्रपटाचें स्वतंत्र संगीतदिग्दर्शन मिळालें, देव आनंद आणि मधुबाला त्यांत होते. पण असें भाग्य थोड्यांना लाभलें, आणि चिक यांनाहि तें फार दिवस लाभलें नाहीं. माजोर्डें गांवचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक याचें दुसरें उदाहरण. १९५८ सालीं त्यांनीं भारतीय रागांवर रचलेलें संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून मुंबईंत वाजवून घेतलें. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटांतल्या एका विनोदी गाण्यांत गुरूचें नांव गोवलें. सारा देश तें नांव गाऊं लागला, आणि तें एका हयात माणसाचें आहे हें फारच थोड्यांना ठाऊक होतें. गोन्साल्विस २०१२ सालीं गोव्यांत वारले.

चिक चॉकलेट १९६७ सालीं निवर्तले. वय अवघें पन्नाशीचें. त्या वेळेपर्यंत नृत्यगृहांची ती मुंबई ओसरली होती. ज्या ग्रीन्स हॉटेलांत त्यांचा वाद्यवृंद वाजे तें पाडलें गेलें, आणि त्या जागीं ताजची उंच नवी इमारत १९७३ सालीं उभी राहिली. सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत वारले. त्यानंतर तेराच दिवसांनीं, १८ जानेवारीस, मुंबईच्या कापडगिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते, आणि त्यांतले बहुतेक पुन्हां गिरणींत गेलेच नाहींत. कित्येक कोंकणांत परतले. संगीतकार गेला आणि त्याचा श्रोता एकाच महिन्यांत उखडला गेला, हा काळाचा योगायोग. पण तो एका युगाच्या समाप्तीची खूण म्हणून लक्षांत राहण्यासारखा आहे. मास्टर भगवान यांचा बंगला गेला, गाड्या गेल्या. शेवटचे दिवस त्यांनीं दादरच्या चाळींत काढले आणि २००२ सालीं तेथेंच देह ठेवला. प्रत्येक विसर्जनाच्या मिरवणुकींत मात्र त्यांचें नाचणें चालू राहिलें.

लोक कलावंताला कसे आठवतात, याचा विचार करूं लागलें म्हणजे दोन प्रकार दिसतात. एक जाणत्यांचा. ते नांव, गांव, साल सांगतात; कोणत्या गाण्यांत कोणी वाजविलें याचा वाद घालतात; जुन्या ध्वनिमुद्रिका जपून ठेवतात. मुंबईच्या जाझच्या शौकिनांनीं आणि गोव्याच्या लोकांनीं चिक यांची आठवण अशी राखली, आणि त्यांच्यामुळेंच आज त्यांचें चरित्र थोडेंफार हातीं लागतें. दुसरा प्रकार सामान्यांचा. त्यांना नांव ठाऊक नसतें. पण ती चाल लागली कीं त्यांचे खांदे हालतात, आणि ट्रंपेटची जागा आली कीं तोंडानें ती वाजविल्यावांचून त्यांना राहवत नाहीं. कलावंताचा हिशोब पुरा व्हावयास दोन्ही आठवणी लागतात. पहिली नसेल तर अन्याय होतो. दुसरी नसेल तर नुसतें नांव उरतें.

कोंकणच्या श्रोत्यापाशीं दुसरी आठवण भरपूर आहे. पहिलीचा वांटा त्याच्याकडे पोंचवणें हें इतिहासाचें काम. ‘अलबेला’ अजूनहि पाहावयास मिळतो. त्यांत झालरीच्या सदऱ्यांतला वाद्यवृंद दिसला, म्हणजे ट्रंपेट ओठांस लावलेल्या त्या गृहस्थाकडे क्षणभर निरखून पाहावें. ते हळदोण्याचे अँटोनियो वाझ. आपल्या आजोबांच्या पथारीशेजारीं, त्याच आगबोटींत, कदाचित् त्यांचीहि पथारी असेल.